सरवदेकाका आणि वेटरचा वेतनकरार

सरवदेकाकांबरोबर हॉटेलात जेवायला जायचं, तर घरातून निघण्याआधीच एक गोष्ट ठरवावी लागते. आज मॅनेजमेंट कोण?

जेवण होतं, बडीशेप येते, बिल येतं. तुम्हीआम्ही अशा वेळी काय करतो? सुट्टे चाचपतो, एकदा वेटरकडे आणि एकदा बरोबरच्या माणसाकडे बघतो, वीस ठेवावेत की पन्नास याचा घोळ घालतो आणि शेवटी जी नोट हाताला लागेल ती वाटीखाली सरकवून पळ काढतो. सरवदेकाका पळ काढत नाहीत. ते खुर्ची मागे घेतात, चष्मा पुसतात आणि टेबलाच्या दोन बाजू करतात. एका बाजूला युनियन, म्हणजे ते स्वतः. दुसऱ्या बाजूला मॅनेजमेंट, म्हणजे जो कोणी समोर सापडेल तो. युनियन वेटरच्या वतीनं मागणी ठेवते. मॅनेजमेंटनं ती नाकारायची. मग बोलणी, मग ताणाताणी, बोलणी फिसकटतात, पुन्हा सुरू होतात आणि शेवटी करार होतो. करार झाला की हस्तांदोलन. तोवर कुणी हात धुवायलासुद्धा उठायचं नाही.

"अहो भाऊजी, सरळ पैसे ठेवून उठूया ना," आई दर वेळी म्हणायची. शेजारच्या टेबलावरची माणसं बघत असायची आणि आईला ते नको व्हायचं.

"वहिनी, ठेवलेला पैसा भीक असतोय," काका म्हणायचे. "ठरवलेला पैसा मजुरी."

काका भोसरीतल्या एका स्प्रिंगा बनवणाऱ्या कंपनीत होते आणि तिथल्या युनियनचे सेक्रेटरी होते. माझे वडील त्याच कंपनीत, त्याच शिफ्टला. काळेवाडीत आमची दारं समोरासमोर. ज्यांच्या घरात कंपनीचा पगार कधी आला नाही त्यांच्यासाठी सांगते: दर काही वर्षांनी कामगार आणि मालक समोरासमोर बसतात आणि पुढच्या पगाराचं ठरवतात, तो वेतनकरार. आमच्याकडे दिवाळीची वाट बघत नसत एवढी कराराची बघत. फ्रीज कराराचा, माझं बारसं कराराचं, माझी पहिली सायकल कराराची. आणि हे सगळं ज्या टेबलावर ठरायचं, त्या टेबलाच्या अलीकडे सरवदेकाका बसायचे.

त्यांची एक गोष्ट कामगारांमध्ये अजून सांगतात. एकदा दुपार टळून गेली तरी आकडा हलेना. साहेब लोकांचं जेवण वरच्या मजल्यावर गार होत होतं. काकांनी शांतपणे स्वतःचा डबा काढला, टेबलावर उघडला आणि भाकरी, ठेचा, मेथीची भाजी असं एकेक करत सावकाश जेवायला लागले. ठेच्याचा वास सुटला. "साहेब, तुमचं चालू द्या, मी ऐकायलोय," म्हणाले. डब्याचं झाकण लागायच्या आत आकडा हलला होता. काका मूळचे धाराशिवकडचे. सगळी नोकरी इथे झाली, पण बोलण्यातलं गाव गेलं नाही आणि डब्यातला ठेचाही गेला नाही.

काका रिटायर झाले आणि समोर मॅनेजमेंट उरली नाही. तेव्हापासून त्यांनी हॉटेलं धरली असावीत असा सगळ्यांचा समज आहे. तो चूक आहे. मी चौथीत असल्यापासून मॅनेजमेंट आहे.

माझी पहिली बोलणी मिसळीच्या हॉटेलातली. मी ऐटीत सांगितलं, "टिप द्यायची नाही. त्यानं पाणी उशिरा आणलं."

"पाण्याचे जग किती हायत तिथं?" काका.

मी वळून बघितलं. एकच होता.

"म्हंजे ती साधनांची कमतरता. कामगाराचा काय दोष? दुसरं कारण दे."

"त्यानं पावाला हात लावला."

"ती शिस्तीची बाब. तिची नोटीस वेगळी काढ. मजुरीत आणू नको."

"मला द्यायचीच नाहीये!"

"हां!" काका खूश झाले आणि वडिलांना म्हणाले, "बघा, आता बोलली खऱ्या मॅनेजमेंटवानी."

त्यांचे काही नियम होते. वेटर कितीही घुम्या असला तरी शून्यावर करार नाही, "शून्यावर फक्त संप होतोय." दुसरा नियम, वेटरला बोलावून "तुला किती देऊ" असं विचारायचं नाही, कारण गल्ल्यावर मालक बसलेला असतो. साहेबासमोर कामगाराला खरं विचारलं तर तो बिचारा "काही नको" म्हणणार, आणि ते खरं नसतं. आणि तिसरा नियम सगळ्यात कडक. पैसे युनियन देणार नाही. मॅनेजमेंटनं उठून, वेटरच्या हातात, त्याच्याकडे बघून द्यायचे. चौथीतली मी आणि समोर मिशीवाला आडदांड वेटर, दोघंही लाजेनं अर्धमेले होत असू. पण त्या मिशीच्या आत हसू फुटलेलं मी अनेकदा पाहिलंय.

आता प्रत्येक कामगाराला युनियन हवीच असते असं नाही. चिंचवडच्या एका हॉटेलात बोलणी इतकी लांबली की ज्याच्यासाठी चालली होती तो वेटरच हात जोडून आला. "काका, मला काही देऊ नका, पण टेबल सोडा. बाहेर लाईन लागलीय, मालक माझ्यावर ओरडतोय." काका ताडकन उठले. "कामगाराच्या हिताच्या आड युनियन येणार न्हाई," असं जाहीर केलं आणि उरलेली बोलणी पार्किंगमध्ये पूर्ण केली. मग मला पैसे घेऊन आत पाठवलं. अर्थात मॅनेजमेंट म्हणून.

या सगळ्याचा मला पुढे इतका उपयोग झाला की सांगून पटायचं नाही. माणच्या एका आयटी कंपनीत माझी मुलाखत झाली तेव्हा एचआरच्या बाई गोड आवाजात म्हणाल्या, "आमच्या हातात बजेटच नाहीये हो." मला एकदम मिसळीचा वास आला. हे वाक्य मी फ्रॉकमध्ये असताना म्हणत होते! मी काही बोललेच नाही, नुसती हसून बसून राहिले, आणि थोड्या वेळानं बजेट सापडलं. त्या संध्याकाळी पेढे आधी काकांकडे गेले, मग देवापुढे. आई रागावली, पण मला अजूनही तो क्रम बरोबर वाटतो.

मी कॉलेजात असताना वडील गेले. त्याच्या पुढच्या वर्षी काकांच्या पत्नी शांताकाकू गेल्या. काकांचा मुलगा बंगळूरला. मग समोरासमोरच्या दोन दारांमागे मिळून आम्ही तिघंच उरलो. काका सकाळी चहाला आमच्याकडे येऊन पेपर मोठ्यानं वाचायचे, आई भाकऱ्या थापता थापता त्यांच्याशी वाद घालायची. संध्याकाळचं जेवण आमच्याकडेच. महिन्यातून एकदा तिघं बाहेर जेवायला जायचो आणि तिथे आईलाही नाइलाजानं मॅनेजमेंट व्हावं लागायचं. ती फार वाईट मॅनेजमेंट होती. पहिल्याच मागणीला "द्या हो, गरीब आहे" म्हणायची. काका कपाळाला हात लावायचे.

आणि मागच्या थंडीत मधुमेहानं आईची साखर एकदम उतरली आणि ती बेशुद्ध पडली. घरात ती एकटी, मी ऑफिसात, दाराला आतून कडी. पेपर वाचायला आलेल्या काकांना दार उघडेना म्हणून त्यांनी हाका मारल्या आणि मग त्या वयात खांद्यानं दार तोडलं. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलं. आज मला आई आहे ती सरवदेकाकांमुळे आहे. हे मी कुणालाही, कधीही, कितीही वेळा सांगायला तयार आहे.

त्या दिवसापासून माझ्या मनात एक गोष्ट पक्की झाली. लग्न करीन, पण आई माझ्याजवळ राहील. ज्याच्याशी मी लग्न करणार होते त्या निखिलला ते मान्य होतं. प्रश्न त्याच्या आईवडिलांचा होता. मुलीची आई मुलीच्या संसारात, हे लोकांना काय वाटेल, त्यांना काय वाटेल. आणि निखिलचे वडील, सावंतसाहेब, चाकणच्या एका मोठ्या कारखान्यातून पर्सोनेल मॅनेजर म्हणून रिटायर झालेले. म्हणजे आयुष्यभर टेबलाच्या पलीकडे बसलेला माणूस! मोजकं बोलणारे, इस्त्रीची घडी न मोडणारे.

वाकडच्या एका हॉटेलात रविवारी दुपारी दोन्ही घरं भेटायची ठरली. आदल्या दिवशी मी काकांना गाठलं.

"काका, आईचा विषय तुम्ही काढायचा. मला नाही जमणार आणि आई तर काढूच देणार नाही."

"काढतो."

"आणि दुसरं. उद्या टिपेची बोलणी नाही. एक शब्दसुद्धा नाही."

काकांचा चेहरा पडला. पण म्हणाले, "शब्द दिला."

जेवण छान झालं. निखिलच्या आईला माझी आई आवडली, आईला निखिल आधीच आवडला होता. काका एका शब्दानं घसरले नाहीत. पण विषयही काढला नाही. बिल आलं तरी ते बडीशेप चावत बसलेले. सावंतसाहेबांनी बिल स्वतःकडे ओढलं, वरून खाली वाचलं, पैसे ठेवले आणि फोल्डर मिटला. निखिलनं खिशात हात घातला तसे म्हणाले, "वर काही ठेवायची गरज नाही. सर्व्हिस चार्ज लावलाय त्यांनी."

मी काकांकडे बघितलं. त्यांनी चष्मा काढला होता आणि पुसायला घेतला होता. मी टेबलाखालून त्यांच्या पायावर पाय दिला. तो निखिलच्या आईचा निघाला.

"साहेब," काका म्हणाले, "सर्व्हिस चार्ज मालकाच्या गल्ल्यात जातोय का कामगाराच्या खिशात, हे तुमी सांगू शकता का?"

सावंतसाहेबांनी भुवई उचलली. "तो त्यांचा अंतर्गत प्रश्न आहे."

"तेच तर! अंतर्गत प्रश्न म्हणूनच आमी चाळीस वर्षं भांडलो."

आईनं डोळे मिटले. माझं लग्न माझ्या डोळ्यांसमोर मोडत होतं आणि ते वेटरच्या टिपेवरून मोडत होतं. पण सावंतसाहेब उठले नाहीत. त्यांनी फोल्डर बाजूला ठेवला, दोन्ही कोपरं टेबलावर टेकली आणि म्हणाले, "ठीक आहे. तुमचं मागणीपत्र काय आहे?"

त्यानंतर जे झालं ते मी पाहिलेल्या बोलण्यांमध्ये सगळ्यात देखणं होतं. मी, वडील, आई, आम्ही सगळे हौशी. हा माणूस खरा होता. कामगिरीचा मुद्दा त्यांनी काढला, पनीर गार होतं म्हणाले. तो स्वयंपाकघराचा विभाग, काका म्हणाले. रोटी दोनदा मागावी लागली, साहेब म्हणाले. माणूस एक आणि टेबलं सात, भरती करा, काका म्हणाले. काकांनी मागितलं त्याच्या निम्म्यावर साहेब बसले ते हलेनात. निखिलची आई माझ्या कानात म्हणाली, "रिटायर झाल्यापासून इतके बोललेले मी पहिल्यांदा ऐकतेय."

मग काका पुढे झुकले. "साहेब, एक गोष्ट तुमच्या ध्यानात आली न्हाई. जेवायला उशीर व्हायलता तवा वहिनी हळूच 'जरा लवकर होईल का' एवढंच म्हणल्या. त्या माणसानं हातातली ऑर्डर ठेवली आन् आधी त्यांना पोळी आणून दिली. मला विचारलं, ताईंना साखर हाय का. त्याच्या आईलाबी हाय म्हणं. ह्ये कुठल्या सर्व्हिस चार्जात बसतंय, सांगा."

साहेब आईकडे वळून म्हणाले, "तुम्हाला साखर आहे?"

"आहे थोडी," आई ओशाळून म्हणाली.

"मग घरी लक्ष कोण देतं?"

"सध्या मी समोर असतो," काका म्हणाले.

सावंतसाहेबांनी माझ्याकडे बघितलं, मग निखिलकडे, मग पुन्हा काकांकडे. त्यांना सगळं कळलं होतं. ते उठले. "सरवदे, जरा बाहेर येता?"

कुठलाही करार टेबलावर होत नाही, बाहेर चहाच्या टपरीवर होतो, असं वडील म्हणायचे. काचेतून मला दोघं दिसत होते. पानाच्या ठेल्यापाशी उभे. साहेब काहीतरी सांगत होते आणि काका मान हलवत होते. नाही, नाही. पुन्हा साहेब बोलले, पुन्हा नाही. काका माझ्यासाठी नको तेवढं ताणतायत आणि सगळं घालवणार, असं मला वाटलं. मग काका काहीतरी एकच वाक्य बोलले आणि सावंतसाहेबांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

आत आल्यावर सावंतसाहेबांनी आधी वेटरला बोलावलं, स्वतः उभे राहिले आणि अवघडून का होईना, पैसे त्याच्या हातात दिले. "आईला सांभाळा," असंही म्हणाले. मग खाली बसून आईला म्हणाले, "आमचा सांगवीचा फ्लॅट भाडेकरूनं सोडलाय. मुलं तिथे राहतील. आणि तुम्ही त्यांच्याबरोबर राहायचं. ठरलंय."

आई नाही नाही म्हणायला लागली. "आणि भाऊजींच्या जेवणाचं काय?"

"मी स्वयंपाक शिकायलोय, वहिनी," काका म्हणाले. सगळे खो खो हसले. काकांना चहासुद्धा येत नाही. मीही हसले.

लग्न झालं, आम्ही सांगवीला आलो. आई बरी आहे, साखर ताब्यात आहे, खालच्या बागेत तिच्या मैत्रिणी झाल्यात. काका फोनवर नेहमी मजेत असायचे. आज काय जेवलात विचारलं की इतकी लांब यादी सांगायचे की मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

परवाच्या रविवारी दुपारी सासरे आमच्याकडे आले होते. चहा पिता पिता सहज म्हणाले, "तुझ्या सरवदेकाकांएवढा अवघड माणूस मी टेबलापलीकडे पाहिला नाही. त्या दिवशी बाहेर मी त्यांना सोपा मार्ग सुचवला होता. म्हटलं, तुम्ही समोरच राहता. मीनलच्या आई काळेवाडीतच राहू देत, मुलं रविवारी येतील, लागेल तो खर्च करतील. कुणालाच अडचण नाही. आणि तुमचंही जेवणखाण, सोबत, सगळं आहे तसं राहील."

"मग?" मी विचारलं.

"मला म्हणाले, साहेब, हा प्रस्ताव माझ्या फायद्याचा हाय. म्हणूनच मला मान्य न्हाई."

मी चहा तसाच ठेवला आणि गाडी काढली.

काळेवाडीत काकांच्या दाराला कुलूप होतं. आमच्या जुन्या दाराला नव्या माणसांची पाटी. कोपऱ्यावरच्या थाळीच्या हॉटेलात बघू म्हणून गेले तर काका आत होते. भिंतीजवळच्या टेबलावर एकटे. जेवण झालेलं. मी हाक मारणार तेवढ्यात ते हात हलवून समोरच्या रिकाम्या खुर्चीशी काहीतरी बोलले. मग उठले, टेबलाला वळसा घालून त्याच खुर्चीत जाऊन बसले आणि आता इकडच्या रिकाम्या खुर्चीला उत्तर दिलं.

मी दारातच थांबले. वेटर जवळ येऊन हळू आवाजात म्हणाला, "दर रविवारी असंच असतंय, ताई. आधी इकडून बोलतात, मग तिकडून. मालक म्हणतो, बोलू द्या. कुणाला त्रास न्हाई."

मी जाऊन काकांसमोरच्या खुर्चीत बसले. त्या वेळी ते मॅनेजमेंटच्या बाजूला होते, म्हणून आयुष्यात पहिल्यांदा मला युनियनची खुर्ची मिळाली. काका दचकले, मग चोरी पकडल्यासारखे हसले.

"तू कशी काय गं? वहिनी बऱ्या हायत ना?"

"बरी आहे. तुमच्यामुळे बरी आहे. मागे दार तोडलंत तेव्हाही आणि आताही. मला सगळं कळलंय, काका."

ते बडीशेपेची वाटी फिरवत राहिले.

"युनियनची मागणी आहे," मी म्हटलं. "सांगवीला तिसरी खोली रिकामी आहे. तुम्ही यायचं. राहायला."

मी वाट बघत होते की आता कारणं येतील. लोक काय म्हणतील, मुलगा काय म्हणेल, गुडघे दुखतात, पेपरवाला इथला आहे. मी प्रत्येकाचं उत्तर तयार ठेवलं होतं. काकांनी चष्मा काढला. पुसायला म्हणून काढला, पण पुसला नाही, तसाच हातात धरून बसले.

"वहिनींना विचारलंस का?" म्हणाले.

"तिनंच पाठवलंय."

हे साफ खोटं होतं. बाहेर येऊन मी घाईघाईनं आईला फोन लावला आणि सांगितलं की असं असं बोलून बसलेय. मग आई म्हणाली, "विचारायला एवढे दिवस लावलेस होय गं?"